चढतानाच घोडा हलतो, खोगीर फिरतं, तोल जातो: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

"घोडा उधळला म्हणून पडलो" असं कुणी सांगत आलं की मी आधी एकच विचारतो: बसला होतात की बसत होतात? बरेचदा उत्तर येतं, "बसतच होतो." एक पाय रिकिबीत, दुसरा हवेत, दोन्ही हात खोगिराला आणि लगाम नावापुरता. त्या दोन-तीन सेकंदांत माणसाची ना मांड असते, ना घोड्यावर ताबा. नवख्यांना घोड्यावर चढवणं हे माझं रोजचं काम. त्यात एक गोष्ट कळून चुकली आहे की चढतानाच्या गडबडीचं कारण बहुतेक वेळा पाय रिकिबीत जाण्याच्या आधीच तयार झालेलं असतं, आणि शोधलं तर सापडतं.

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ओळखा.

लक्षणं

- पाय रिकिबीत ठेवला, की घोडा चालू पडतो. तुम्ही एका पायावर लंगडी घालत त्याच्यामागे.
- पुढे जात नाही, पण पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, फिरवतो. तुम्ही जितके जवळ जाता तितका तो बाजूला सरकतो.
- वजन टाकलं की खोगीर तुमच्याकडे घसरतं.
- तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे पाडतो, शेपूट झटकतो, मान वळवून चावायला येतो.
- उजवा पाय पलीकडे नेताना पुठ्ठ्याला लागतो आणि घोडा बुजतो.
- बसताक्षणी पाठ कमानीसारखी वर उचलतो, चार पावलं ताठ चालतो, कधी मागचे पाय झाडतो.
- पाय रिकिबीत खोल जातो किंवा अडकून बसतो. घोडा जागचा हललेला नसला तरी सगळ्यात धोक्याचं लक्षण हेच.

यातली पहिली तीन लक्षणं रोज दिसतात आणि पुढच्या सोप्या तपासण्यांतच सुटतात. पाठ उचलणारा किंवा तंगावर चिडणारा घोडा असेल तर क्रमाने सगळं बघा, पण शेवटच्या भागापर्यंत जावं लागेल अशी तयारी ठेवा.

पहिली तपासणी: स्वतःची

याला वेळही लागत नाही आणि पैसेही. बूट बघा. टाच साधारण दोन सेंटीमीटर उंच हवी आणि तळ बऱ्यापैकी गुळगुळीत. टाच असते ती पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून, आणि गुळगुळीत तळ असतो तो पडताना पाय सटकन बाहेर यावा म्हणून. धावायच्या बुटाला टाच नसते. डोंगर चढायच्या बुटाचा तळ खाचांचा असतो, त्या खाचा रिकिबीच्या दांडीला धरून बसतात. दोन्ही बूट आपापल्या कामाला उत्तम, इथे नकोत.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. आतल्या चिठ्ठीवर एएसटीएम एफ ११६३ किंवा पीएएस ०१५ असं एखादं मानक छापलेलं असतं. सायकलचं हेल्मेट वेगळ्या पडण्यासाठी बनवलेलं असतं, ते चालत नाही. हनुवटीचा पट्टा जमिनीवर उभे असतानाच लावायचा. "वर बसल्यावर लावतो" म्हणणारे बरेच भेटतात, आणि हे वरातीमागून घोडं म्हणतात तसंच आहे, कारण पडायची खरी वेळ तर मधलीच.

लोंबता मफलर, ओढणी, उघडी चेन असलेलं जाकीट, कमरेला बांधलेला स्वेटर हे सगळं काढा. खोगिराच्या पुढच्या उंचवट्यात जाकिटाचा घेर अडकून अर्ध्यात लटकलेला माणूस मी दोनदा सोडवला आहे. दोन्ही वेळा घोडा शांत होता म्हणून ती गोष्ट हसण्यावारी गेली.

जागा

सपाट, मोकळी जमीन हवी. कुंपणाला, तारेला, उभ्या गाडीला खेटून चढू नका. घोडा बाजूला सरकला तर तुमचा पाय मध्ये सापडतो. तबेल्याच्या आत किंवा दारात तर मुळीच नाही, कारण वरची तुळई जमिनीवरून वाटते त्यापेक्षा खाली असते. उतार टाळता येत नसेल तर तुम्ही चढाच्या बाजूला उभे राहा आणि घोडा उताराच्या बाजूला. उंची आपोआप कमी होते.

जवळ जाताना खांद्याच्या दिशेने, बोलत जा. घोड्याला भोवतालचं जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. जे दिसत नाही ते नाकासमोर अगदी जवळचं आणि शेपटीच्या थेट मागचं. आपण नेमके त्या मागच्या पट्ट्यावरून पाय फिरवतो, म्हणजे डाव्या डोळ्यात असलेला माणूस क्षणभर गायब होतो आणि उजव्या डोळ्यात एक पाय उगवतो. सरावलेल्या घोड्याला याचं काही वाटत नाही. नव्या घोड्याला ते शिकवावं लागतं, त्याबद्दल पुढे.

तंग: इथे थांबून नीट बघा

तुमच्याकडे एकाच तपासणीइतका वेळ असेल तर ही करा.

एका सकाळी घाईत मीच एका कुमेत (तांबूस रंगाच्या) घोड्यावर खोगीर चढवलं. पाठ गोल, खांद्यामागचा उंचवटा नसल्यासारखाच. तंग चांगला आवळला, दोन बोटं घालून पाहिली, समाधान झालं. मग लगामाची एक वादी नीट केली, रिकिबी दोन भोकं खाली घेतल्या, कुणाशी तरी दोन वाक्यं बोललो. पाच मिनिटं गेली असतील. डावा पाय ठेवला, अंग उचललं, आणि खोगीर माझ्याबरोबर खाली यायला लागलं. झटक्यात नाही, अगदी सावकाश, दार उघडावं तसं. मी पाठीवर आडवा आणि खोगीर घोड्याच्या पोटाशी. घोडा शहाणा, नुसता मान वळवून बघत उभा राहिला. उठून पाहिलं तर बकल त्याच भोकात होतं. फक्त तंग आणि कातडी यांच्यात आता माझा अख्खा तळहात जात होता.

लोक म्हणतात घोडा लबाडीने पोट फुगवतो. तसं नसतं. तंग एकदम आवळला की तो छातीचे स्नायू ताठ करतो, श्वास धरतो. कुणी आपल्या कमरेचा पट्टा खसकन ओढला तर आपणही तेच करू. जरा वेळाने तो सैल सोडतो, खोगिराखालचा नमदाही दबतो, आणि आवळलेला तंग आपोआप ढिला होतो. म्हणून तंग एका दमात आवळायचाच नाही. खोगीर ठेवल्यावर तो फक्त अंगाला लागेल इतका. मग घोड्याला वीसेक पावलं चालवा, एक-दोन भोकं वर. चढायच्या अगदी आधी पुन्हा बघा. बसून पाच-दहा मिनिटं चालवल्यावर आणखी एकदा.

बोटं घालून बघायची ती छातीच्या खाली, दोन पुढच्या पायांच्या मधोमध. बाजूला बरगड्यांच्या गोलाईवर तंग ताणलेला लागतो आणि खाली मात्र झोळ असतो. त्या सकाळी मी बाजूलाच पाहिलं होतं. दोन बोटं सपाट सरकवायला थोडा जोर लागला पाहिजे. सहज गेली तर ढिला, अजिबात जात नाहीत तर जास्त. जास्त आवळणं हाही काही सुरक्षितपणा नव्हे. घोड्याला ते टोचतं आणि दुसऱ्या दिवशी तंग दिसला की तो दात दाखवतो.

तंगाची जागा पुढच्या पायाच्या कोपरामागे साधारण चार बोटांवर. आवळून झाल्यावर एकेक पुढचा पाय गुडघ्याखाली धरून हलकेच पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली दबलेली कातडीची घडी सुटते. त्या घडीमुळे कातडी चिमटते आणि मग "हा उगाच चावतो" अशी घोड्याची बदनामी होते.

हात तिथे आहेच तर ज्या वाद्यांना तंगाची बकलं लागतात त्या वाकवून बघा. चामड्याला बारीक भेगा पडल्यात का, भोकं लांबुळकी झालीत का, टाके उसवलेत का. ही वादी तुटते ती नेमकी तुमचं सगळं वजन एका बाजूला आल्यावर, म्हणजे चढताना.

रिकीब आणि तिचा पट्टा

बुटाच्या सगळ्यात रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना मिळून अडीच सेंटीमीटर जागा उरली पाहिजे. त्याहून अरुंद रिकिबीत पाय घट्ट बसतो. फार रुंद असेल तर पाय घोट्यापर्यंत आत जातो, आणि लहान मुलांच्या बाबतीत हेच होतं. मोठ्यांच्या खोगिरावर मूल बसवताना रिकिबी बदला, "चालेल आजच्या दिवस" असं म्हणू नका. बाहेरच्या बाजूला रबराची कडी असलेल्या रिकिबी मिळतात. जोर आला की कडी निसटते आणि पाय मोकळा होतो. मुलांसाठी मी त्याच वापरतो.

लांबीचा अंदाज जमिनीवरूनच घ्या. पट्टा जिथून सुटतो तिथे बोटांची टोकं टेकवा आणि रिकीब काखेपर्यंत ओढा. पोचली की लांबी साधारण बरोबर. चढण्यापुरती डावी रिकीब तीन-चार भोकं खाली घेतली तरी हरकत नाही, बसल्यावर परत वर घ्या.

आता पट्टा जिथे खोगिराला अडकतो तो लोखंडी आकडा बघा. बऱ्याच खोगिरांवर त्याच्या टोकाला एक छोटी कळ असते. ती उघडी, म्हणजे आडवी हवी. माणूस पडून पाय अडकला तर पट्टा मागे सरकून आकड्यातून सुटावा यासाठीच तो आकडा तसा असतो. कळ बंद असली किंवा गंजून बसली असली तर पट्टा सुटत नाही, आणि घोडा पळाला तर माणूस फरफटत जातो. तेलाचा एक थेंब टाकून ती कळ हलती ठेवा. कित्येक वर्षं रोज खोगीर वापरणाऱ्यांनीही हा आकडा कधी उलटून पाहिलेला नसतो.

नेहमी डावीकडूनच चढत असाल तर डावा पट्टा हळूहळू लांब होतो. महिन्या-दोन महिन्यांनी पट्टे आपसात बदला.

घोडा उभा कसा आहे?

चालू पडणाऱ्या घोड्याचं निम्मं कारण इथे असतं. पलंगाच्या खुरांसारखे चार पाय चार कोपऱ्यांत हवेत. एक पाय मागे राहिलेला असेल किंवा मागचा एक पाय टेकवून तो आराम करत असेल, तर साठ-सत्तर किलो वजन एका कडेला लटकल्यावर तोल सावरायला त्याला पाऊल टाकावंच लागतं. आपण त्याला "हलतो" म्हणतो, तो बिचारा सावरत असतो. चढण्याआधी खांद्याजवळचा खोगिराचा भाग धरून हलकेच तुमच्याकडे आणि पलीकडे ढकला. तो पाय नीट रोवून घेतो. मग चढा. एवढ्या एका गोष्टीने सुधारलेले घोडे मी मोजायचं सोडून दिलंय.

चढण्याची पद्धत

आता जरा अवघड भाग, कारण इथे स्वतःची सवय बदलायची असते.

डाव्या हातात दोन्ही लगाम सारख्या लांबीचे आणि त्याच मुठीत आयाळीची एक बट. लगाम इतकाच ताणलेला की घोड्याच्या तोंडाशी हलका संपर्क राहील. फार ढिला असेल तर तो निघाल्यावर थांबवायला हातात काही नसतं, फार ओढला तर तो मागे सरकतो आणि काही घोडे पुढचे पाय उचलतात. आयाळ धरायची ती तोल गेला तर लगामाला लटकू नये म्हणून. आयाळ ओढल्याने घोड्याला फारसं दुखत नाही. तोंडातली कडी ओढल्याने दुखतं. लगाम हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही.

उजवा हात कुठे? जवळजवळ प्रत्येक नवखा तो खोगिराच्या मागच्या कडेला घालतो, आणि तिथे लटकून अंग ओढून घेतो. त्याने खोगीर पिळलं जातं, घोड्याच्या पाठीला आडवा हिसका बसतो, वर पाय फिरवताना तोच हात वाटेत येतो. हात खोगिराच्या पुढच्या भागावर, शक्यतो पलीकडच्या बाजूला ठेवा. तिथून अंग खाली दाबत वर जाता येतं.

मग डावा पाय. इथे एक चूक अशी आहे जी करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. पाय रिकिबीत घालून तुम्ही खोगिराकडे वळता तेव्हा बुटाचं टोक घोड्याच्या बरगड्यांत घुसतं. घोड्याला शिकवलेलं असतं की बरगडीला टोचलं की चाल. तो चालतो. तुम्ही म्हणता "हो, हो, थांब", आणि पुन्हा टोचता. बिचाऱ्याला एकाच वेळी चाल आणि थांब असे दोन हुकूम मिळतात. बुटाचं टोक तंगाच्या रेषेत, खाली झुकलेलं ठेवा आणि गुडघा खोगिराला टेकवा. चालू पडणाऱ्या घोड्याबद्दल कुणी तक्रार केली की मी त्यांना चढायला सांगतो आणि पलीकडे उभा राहून फक्त बूट बघतो.

पायाचा पुढचा रुंद भागच रिकिबीत, टाचेपर्यंत नाही. उजव्या पायावर दोन लहान उड्या, तिसरीला वर. हाताने ओढून नाही, पायाने उसळून. वर गेल्यावर दोन्ही गुडघे सरळ आणि अंग किंचित पुढे, म्हणजे तुमचं वजन घोड्याच्या मधोमध येतं. उजवा पाय वाटतो त्यापेक्षा वीतभर जास्त उंच उचला, पुठ्ठ्याला न लागता पलीकडे न्या. कंबर आखडलेली असेल तर आधी जमिनीवर पाय मोकळे करा, त्यात लाज कसली.

आणि बसायचं हळूच, पाळण्यात झोपलेलं मूल ठेवावं तसं. धप्पकन बसणाऱ्याच्या घोड्याची पाठ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आखडायला लागते, आणि मग "बसलं की पाठ उचलतो" या लक्षणाने लोक माझ्याकडे येतात.

अर्ध्यातच घोडा निघाला तर? उजवा पाय अजून पलीकडे गेला नसेल तर खाली उतरा: डावा पाय रिकिबीतून काढत, अंग घोड्यापासून लांब टाकत. उतरताना त्याच्या खांद्यापाशी राहा, पुठ्ठ्याकडे सरकू नका. पाय पलीकडे गेला असेल तर मागे फिरू नका, बसा, टाचा अंगाला दाबू नका, लगाम थोडा-थोडा घेत सोडत थांबवा. घाबरून पाय आवळले तर त्याला ते "पळ" असंच ऐकू येतं.

चौथरा

वरचं सगळं करूनही जमिनीवरून चढणं जड जात असेल तर चौथऱ्यावरून चढा. जमिनीवरून चढता येत नाही यात काही कमीपणा आहे असं मानणारे जुने लोक आहेत. मी त्यांच्यात नाही. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोगिराखाली दाब मोजणारी चादर घालून पाहिलं गेलं, तेव्हा जमिनीवरून चढताना घोड्याच्या पाठीवर जास्त जोर येतो आणि सगळ्यात जास्त दाब खांद्यामागच्या उंचवट्याच्या उजव्या बाजूला पडतो असं दिसलं. म्हणजे तुम्ही लटकता डावीकडे, पण खोगीर पलीकडच्या हाडावर जाऊन रुततं. रोज, तेच हाड.

चौथरा भक्कम हवा, वरचा भाग घसरणारा नसावा, आणि त्याला घोड्याचा पाय अडकेल असे मोकळे पाय नसावेत. प्लास्टिकची खुर्ची म्हणजे चौथरा नव्हे. रिकीब साधारण तुमच्या गुडघ्याच्या उंचीला आली की पुरे. घोडा चौथऱ्याला समांतर आणि जवळ. मध्ये अंतर राहिलं तर माणूस वाकतो आणि फटीत पडतो.

मदतीला माणूस

पहिल्या काही वेळा एक जाणता माणूस घोड्याच्या डोक्यापाशी हवा. त्याने थेट समोर उभं राहायचं नाही, खांद्याच्या बाजूला राहायचं, आणि तोंड घट्ट आवळून धरायचं नाही. घट्ट धरलेला घोडा उलट डोकं वर फेकतो. दुसरं कुणी असेल तर त्याने पलीकडची उजवी रिकीब खाली दाबून धरावी, म्हणजे खोगीर घसरत नाही. मागून ढकलणारे उत्साही मित्र लांब ठेवा. खालून जोरात उचललेला माणूस घोड्याच्या पलीकडच्या बाजूने जमिनीवर पोचलेला मी पाहिला आहे.

घोड्याला उभं राहायला शिकवणं

तंग, बूट, तोल सगळं बरोबर आहे, तरी घोडा थांबत नाही? मग ती सवय आहे, आणि ती बहुधा माणसांनीच लावलेली आहे. बूड टेकताच घोडा हाकणारे स्वार त्याला हेच शिकवतात की बूड म्हणजे चाल. पुढे तो बूड टेकायचीही वाट बघत नाही.

याला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. आधी जमिनीवर, दोर हातात धरून: चौथऱ्यापाशी आणा, उभा राहिला की दोर ढिला, खांद्यावर हात, दूर न्या. तो हलला तर ओरडू नका, त्याला शांतपणे छोट्या वर्तुळात चालवा आणि परत त्याच जागी आणा. थांबलं की आराम, हललं की काम, एवढं गणित त्याला लवकर कळतं. मग चौथऱ्यावर उभे राहून खोगीर थोपटा, पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंत हात फिरवा, पलीकडच्या बाजूला हात हलवा म्हणजे उजव्या डोळ्यालाही सवय होते. मग रिकिबीत पाय ठेवून थोडंसं वजन, आणि उतरा. मग पूर्ण वजन, तरीही पाय न फिरवता उतरा. शेवटी बसा.

बसल्यावर दहापर्यंत मोजा. मनात नाही, तोंडाने. लगाम नीट करा, रिकीब बघा, मान थोपटा, मगच निघा. रोज दोन्ही बाजूंनी थोडा सराव करा. डावीकडून चढायची रीत डाव्या कमरेला लटकणाऱ्या तलवारीमुळे पडली असं सांगतात. तलवार गेली, रीत राहिली. उजवीकडून चढू देणारा घोडा अडचणीच्या जागी फार उपयोगी पडतो.

खोगीर बसतं का

इथून पुढे स्वतःच्या नजरेवर फार भरवसा ठेवू नका, पण प्राथमिक तपासणी करता येते. नमदा न घालता खोगीर ठेवा. खांद्यामागच्या उंचवट्यावर ते टेकतंय का? मधून बघितलं तर कण्यावर आरपार उजेड दिसतो का? दोन्ही गाद्यांखालून हात सरकवा. पुढे आणि मागे घट्ट पण मध्ये पोकळ लागत असेल तर सगळं वजन चार ठिकाणी टोचतंय.

"खोगीरभरती" हा शब्द आपण बिनकामाच्या मालासाठी वापरतो. खऱ्या खोगिरातल्या भरतीवर मात्र घोड्याची पाठ अवलंबून असते. लोकर एका बाजूला दबली, गोळे झाले, की खोगीर कलतं. नमद्यावर नमदा चढवून हे सुटत नाही, उलट खोगीर उंच होतं आणि अधिकच फिरतं. जमिनीवरून वर्षानुवर्षं एकाच बाजूने चढल्याने आतला लाकडी सांगाडाही पिळला जाऊ शकतो. खोगीर टेबलावर उलटं ठेवून मागून बघितलं तर दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात.

आणखी एक. खोगीर चालवताना नेहमी एकाच बाजूला सरकत असेल, तुम्ही सरळ बसूनसुद्धा, तर घोड्याच्या मागच्या पायात बारीक लंगडेपणा असू शकतो. डोळ्याला तो दिसत नाही, खोगिराला आधी कळतो.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर चढू नका. "आज एकदा बघू" असंही नाही.

खोगीर ठेवताच किंवा पाठीवरून तळहात सपाट दाबत नेताच घोडा पाठ खाली पाडतो, चिडतो, स्नायू थरथरतात: पशुवैद्य. पाठीच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना घासणं, स्नायू दुखावणं, दात, पोटातले व्रण, यातलं काहीही तंगावरच्या रागाच्या रूपात दिसतं. पोटातले व्रण घोड्यांत खूप आढळतात आणि बाहेरून काही कळत नाही. आतापर्यंत गुणी असलेला घोडा अचानक चढू देईना झाला, तर तो बिघडला असं समजण्याआधी त्याला दुखतंय असं समजा. शिकवण्याची वेळ नंतर येते.

खोगीर पोकळ बसतं, कलतं, सांगाडा करकरतो किंवा पिळलेला दिसतो: खोगीर बसवणारा कारागीर. घरी दाभण घेऊन भरती करू नका. तुटकी वादी मात्र शिवून नाही, बदलूनच घ्यायची.

घोडा पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर उभा राहतो, किंवा बसताच उसळून पाडतो, दुसऱ्यांदा तेच करतो: अनुभवी प्रशिक्षक. मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा तोल जाऊन पाठीवर कोसळतो तेव्हा खोगिरातला माणूस खाली असतो. अशा घोड्यावर शिकणाऱ्याने जिद्द दाखवायची नसते. मीही आता दाखवत नाही, दुसऱ्याला बोलावतो.

आणि माणूस पडला असेल तर आधी घोडा नाही, माणूस. क्षणभरही शुद्ध हरपली, मान किंवा पाठ दुखते, हातापायाला मुंग्या येतात, उलटी होते, तेच तेच प्रश्न विचारतो, तर त्याला हलवू नका, बसवू नका, श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेटही काढू नका, आणि रुग्णवाहिका बोलवा. एकाने डोकं जसं आहे तसं दोन्ही हातांनी स्थिर धरावं. "चल, लगेच परत बस, नाहीतर भीती बसेल" हा सल्ला देणारा कुणीतरी तिथे हमखास असतो. त्याला घोडा धरायला पाठवा.

डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, वर ओरखडा नसला तरी. आतला फोम एकदाच दबतो. घोडा पडला किंवा खोगीर पोटाखाली गेलं असेल तर तंग, वाद्या, रिकिबीचे आकडे आणि सांगाडा परत पहिल्यापासून तपासा. त्या कुमेत घोड्याच्या खोगिराची एक वादी त्या दिवशी अर्धी फाटली होती, आणि मला ती सापडली ती संध्याकाळी, चामड्याला तेल लावताना.